उद्ध्वस्त शहर म्हणजे रिकामा भूखंड नव्हे

गाझा, युक्रेन, सीरिया यांच्या पुनर्बांधणीची चर्चा आता नाशकातही रंगते. इंजिनिअर मंडळींच्या बैठकीत, बांधकाम व्यावसायिकांच्या गप्पांत, सकाळी गंगापूर रोडला फिरायला येणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यात. शहरात बांधकामाचा धंदा मोठा, त्यात सिंहस्थाची कामं, त्यामुळे सिमेंट, पूल आणि टेंडर यांवर बोलायला प्रत्येकाकडे काहीतरी असतं. चर्चा व्हावीच, पण ती ज्या वळणाने चालली आहे ते मला फार खटकतं. एक बाजू विचारते, एवढा पैसा येणार कुठून? आकडे खरोखरच डोळे फिरवणारे आहेत. जागतिक बँक आणि इतर संस्थांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये युक्रेनचा दहा वर्षांचा खर्च ५२४ अब्ज डॉलर धरला, गाझाचा ५३ अब्ज; ऑक्टोबर २०२५ मध्ये सीरियाचा आकडा आला २१६ अब्ज. दुसरी बाजू म्हणते, पैसा उभा राहील, काम तेवढं एखाद्या बड्या कंपनीच्या हाती द्या, पाच वर्षांत दुबई उभी करून दाखवतील. वाद चालतो तो पैशावर आणि वेगावर. एक गोष्ट मात्र दोघांनीही न बोलता मान्य केलेली असते: जे होतं ते पडलं, आता तिथे मोकळी जागा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये गाझाची ‘रिव्हिएरा’, म्हणजे समुद्रकाठचं आलिशान पर्यटनस्थळ, करायची कल्पना मांडली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी शिकल्यासवरल्या लोकांना त्यात वावगं काही दिसलं नाही, ते यामुळेच.

बॉम्बने घर पडतं, मालकी पडत नाही. माझं म्हणणं एवढ्या एका वाक्यावर उभं आहे. कोणाचं घर कुठे होतं, त्यात कोण राहत होतं, याची नोंद पक्की करणं हे पुनर्बांधणीचं पहिलं काम. आणि ते घर पुन्हा कसं उभं राहावं हा निर्णय त्या कुटुंबाच्या हाती देणं हे दुसरं. पाणी, वीज, गटार, रस्ते, मलबा आणि सुरुंग ही जबाबदारी सरकारची. हा क्रम उलटा केला की कितीही पैसा ओता, नवं शहर उभं राहतं आणि जुने रहिवासी कायमचे बाहेर राहतात.

हे पाहायला लेबनॉनच्या बैरूतपर्यंत जायची गरज नाही. जुन्या नाशकात सराफ बाजाराच्या मागे, तांबट लेनमध्ये, पंचवटीत एक चक्कर मारा. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. दाराच्या चौकटीवर मागच्या वर्षीची नोटीस अर्धवट फाटलेली असते, तिच्यावरच नवी चिकटवलेली. माडीची एक बाजू खचलेली, तिच्यावर निळी ताडपत्री, सागवानी खांबाला लोखंडी पाइपाचा टेकू. आणि खालच्या दोन खोल्यांत गॅस पेटलेला, दोरीवर कपडे वाळत घातलेले. ही माणसं निघत का नाहीत? जिवाची भीती त्यांना नाही का? आहे. पण खोली सोडली की हक्क गेला, ही भीती त्याहून मोठी आहे. प्रॉपर्टी कार्डावर पणजोबांची नावं, वारस पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत पांगलेले, भाडेकरू तिसऱ्या पिढीचे, भाडं नाममात्र, आणि दावा कोर्टात. वाडा नव्याने बांधायला पैसे देणारे बिल्डर उभे असतात. अडतं ते कागदावर आणि विश्वासावर. युद्धातून जीव घेऊन पळालेल्या माणसाची अवस्था याच्या शंभरपट बिकट असते. त्याने खोली सोडलेली आहे, कागद जळलेला आहे, आणि परत येईपर्यंत त्याच्या जागेवर कोणाचं नाव लागेल हे त्याला ठाऊक नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. त्यातलं सगळ्यात वजनदार आहे वेगाचं. कीव्हच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो, तंबूत लहान मुलं आजारी पडतात, आणि तुम्ही उतारे तपासत बसणार? हा प्रश्न रास्त आहे. पण निवारा आणि घर ही दोन वेगळी कामं आहेत, आणि घाई निवाऱ्याची असते. ब्रिटनने १९४४ मध्ये कायदा करून कारखान्यात तयार केलेल्या भागांची दीड लाखावर तात्पुरती घरं उभारली. ती दहा वर्षांसाठी होती, काही तर त्याच्या कितीतरी पुढे टिकली. लोकांच्या डोक्यावर छप्पर आलं आणि कायमच्या घरांचा विचार करायला उसंत मिळाली. निवाऱ्याच्या घाईचं कारण सांगून कोणाची जमीन कायमची काढून घ्यायची, याला मात्र काही आधार नाही.

दुसरा मुद्दा नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराचा, आणि तो जाणकार माणसंच काढतात. १४ मे १९४० रोजी जर्मन बॉम्बफेकीत त्या शहराचा मध्यभाग जळून गेला. काही दिवसांतच नव्या आराखड्याचं काम सुरू झालं, जळालेल्या भागातली जमीन सरसकट संपादन केली गेली आणि अरुंद गल्ल्यांच्या जागी आधुनिक शहर आलं. १९५३ मध्ये तिथे सुरू झालेला लाइनबान हा फक्त पायी चालणाऱ्यांचा बाजाररस्ता जगभरच्या नगररचनाकारांनी पाहिला आणि उचलला. म्हणजे पाटी कोरी करूनही चांगलं शहर होतं की! होतं, मी मान्य करतो. पण तिथे जमिनीची नोंद शाबूत होती, कोणता तुकडा कोणाचा याबद्दल शंका नव्हती, मालकांच्या नावे भरपाई मांडली गेली आणि नव्या आराखड्यात पुन्हा बांधण्याची वाट त्यांना ठेवली होती. रॉटरडॅमचा नकाशा नवा होता, हिशेब मात्र जुन्याच मालकांशी झाला. ज्यांना रॉटरडॅमचे चौक आवडतात त्यांनी हा हिशेबही घ्यावा.

तो न घेतल्यावर काय होतं ते बैरूतमध्ये दिसतं. १९७५ ते १९९० चं यादवी युद्ध संपल्यावर शहराचा मध्यभाग १९९४ मध्ये स्थापन झालेल्या सॉलिदेर या खासगी कंपनीच्या हाती गेला. मालकांची घरं, दुकानं, गाळे कंपनीत जमा झाले आणि बदल्यात त्यांना शेअर मिळाले. ज्याचं पिढीजात दुकान होतं तो एका सकाळी भागधारक झाला. दगडी कमानी झळाळल्या, महागडी दुकानं आली. पण ज्या बाजारात सगळ्या धर्मांची सामान्य माणसं भाजी घ्यायला, कापड घ्यायला येत होती, ती माणसं तिथून गेली ती गेलीच. सीरियात तर कायद्यानेच हे केलं. २०१८ च्या कायदा क्रमांक १० नुसार सरकार एखादा भाग पुनर्विकासासाठी जाहीर करी आणि मालकाने सुरुवातीला तीस दिवसांत हक्क सिद्ध करायचा. ओरड झाल्यावर ही मुदत एक वर्षाची झाली. लाखो सीरियन तेव्हा तुर्कस्तानात, लेबनॉनमध्ये, जर्मनीत होते. ज्या सरकारच्या भीतीने ते पळाले त्याच सरकारच्या कचेरीत त्यांनी कागद घेऊन हजर व्हायचं होतं! आणि वेगाचंच कौतुक असेल तर रशियाच्या ताब्यातल्या युक्रेनच्या मारियुपोल शहराकडे पाहा. तिथे नवे टॉवर झपाट्याने उभे राहिले. जुने रहिवासी हजर नाहीत म्हणून त्यांची घरं ‘बेवारस’ ठरवून ताब्यात घेण्याचा सपाटाही तितकाच वेगवान आहे.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: ठीक आहे, पण कागदच जळले असतील तर मालकी ठरवणार कशी? कोणीही उठेल आणि सांगेल, माझा तीनमजली बंगला होता. इथे आपल्याच देशाचा अनुभव कामी येतो, आणि आपण तो जवळजवळ विसरलो आहोत याचं मला वाईट वाटतं. फाळणीनंतर पूर्व पंजाबात आलेल्या निर्वासित शेतकऱ्यांकडून १९४८ मध्ये मागे राहिलेल्या जमिनींचे अर्ज मागवले. महिन्याभरात पाच लाखांच्या आसपास अर्ज आले. त्यांची तपासणी कशी झाली? त्याच गावाहून आलेल्या इतर निर्वासितांच्या उघड्या सभेत. अधिकारी दावा मोठ्याने वाचून दाखवी आणि शेजारीपाजारी सांगत: बरोबर, किंवा विहीर होती पण बारमाही नव्हती, किंवा एवढी जमीन याची नव्हतीच. ज्याच्या बांधाला बांध लागून होता त्याच्यासमोर खोटं बोलणं अवघड असतं. दावे फुगवले गेले, खोटं उघड झाल्यावर जमीन कमी झाली, काहींना तुरुंगही पाहावा लागला. मागे सोडलेल्या जमिनीपेक्षा हाती असलेली जमीन कमी होती, म्हणून तरलोक सिंग या सनदी अधिकाऱ्याने चढती कपात बसवली: पहिल्या दहा एकरांवर पाव हिस्सा, आणि पाचशे एकरांवरच्या भागावर ९५ टक्के. जमिनीचा कस वेगवेगळा, म्हणून उत्पन्नावर आधारलेला ‘प्रमाण एकर’ काढला. नोव्हेंबर १९४९ पर्यंत सुमारे अडीच लाख वाटपं झाली होती. संगणक नव्हते, उपग्रहाचे नकाशे नव्हते, देश नुकताच स्वतंत्र झालेला. वाटलेली जमीन सीमेपलीकडे जावं लागलेल्या मुसलमान कुटुंबांची होती, हे मी नजरेआड करत नाही. त्या कुटुंबांच्या दृष्टीने हा न्याय नव्हता. पण कागदाशिवाय हक्क ठरवण्याची पद्धत म्हणून पाहिलं तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्या देवळाली कॅम्पातही फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले. ‘क्लेम’, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा दावा, हा शब्द अशा घरांत अनेक वर्षं रोजच्या बोलण्यातला होता. गाझात आज मालकीच्या कागदांपेक्षा शेजाऱ्यांची आठवण अधिक शाबूत असेल. ती माणसं विखुरण्याआधी, म्हातारी माणसं जाण्याआधी, ती लिहून घ्यायला हवी.

मग येतो दर्जाचा आक्षेप. सामान्य माणसाला घर बांधता येतं का? तो पैसे लग्नात उडवील, गवंडी कच्चं काम करील, पुन्हा संकट आलं की घर पुन्हा पडेल. कंत्राटदाराला द्या, एकसारखी मजबूत घरं मिळतील. महाराष्ट्राने हा प्रयोग केलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली. सरळ रेषेतली घरं, रुंद रस्ते, नकाशावर सुरेख. पण गाव म्हणजे गल्ली, पार, शेजार, गोठा, शेताकडची वाट; रुंद रस्त्याच्या दोन बाजूंना पांगलेल्या घरांत ते बसलं नाही. सगळीच नवी गावं फसली असं मी म्हणत नाही, आणि हादरलेल्या माणसांना तेव्हा जुन्या जागेची धास्ती होती हेही खरं. त्याच भूकंपाच्या दुसऱ्या कार्यक्रमात मात्र दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण जागेवरच झालं, घरमालकाच्या हाताने आणि इंजिनिअरच्या सल्ल्याने. गुजरातने त्यातून धडा घेतला. २००१ च्या भूकंपानंतर तिथेही आधी गावं हलवण्याचा विचार होता, लोकांनी तो नाकारला, आणि मदत थेट घरमालकाकडे वळली. पैसा हप्त्याने: जोतं झालं, इंजिनिअरने पाहिलं, मग पुढचा हप्ता, लिंटेलचा पट्टा पडला, पाहिला, मग त्यापुढचा. दोन लाखांवर घरं अशी नव्याने झाली. पैसे उडवायला वाव कुठे राहिला?

युद्धानंतरच्या घरांबाबत तर खुद्द भारताचाच अनुभव आहे. श्रीलंकेतलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं आणि भारताने ५०,००० घरांचं वचन दिलं. पहिली हजार घरं कंत्राटी पद्धतीने बांधली. पुढे, २ ऑक्टोबर २०१२ पासून, उत्तर आणि पूर्व प्रांतांतल्या ४५,००० च्या आसपास घरांसाठी पद्धत बदलली: साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने कुटुंबाच्या बँक खात्यात, आणि बांधणार ते कुटुंबच. उत्तरेतल्या वन्नीच्या जंगलपट्ट्यात रस्ते नव्हते, गवंडी मिळत नव्हते, तरी घरं झाली. या योजनेवरची टीकाही खरी आहे: साहित्याचे भाव चढले, रक्कम पुरली नाही, बायकांनी दागिने विकले, कित्येक कुटुंबं कर्जात गेली. पण यातून निघणारा निष्कर्ष रक्कम वाढवण्याचा आहे. २०१६ मध्ये श्रीलंका सरकारने त्याऐवजी ६५,००० तयार पोलादी घरं एका बहुराष्ट्रीय कंपनीकडून आणायचं ठरवलं, एका घराचा खर्च वीस लाख श्रीलंकन रुपयांच्या वर. उत्तरेतल्या तमिळ लोकांनी, त्यांच्या प्रांतिक सरकारने विरोध केला. त्या उन्हात पोलादाच्या घरात राहायचं कसं, एवढ्या पैशात विटांची दोन घरं होतात, आणि पोलादाला तडा गेला तर गावातला कोणता गवंडी तो बुजवणार? योजना बारगळली. ज्यांनी युद्ध भोगलं त्यांना विटा, वाळू आणि मजुरीचे भाव तज्ज्ञांहून नेमके ठाऊक होते.

आता जे घरमालकाला जमणार नाही त्याबद्दल. गाझातला मलबा पाच कोटी टनांच्या पुढे आहे. त्यात न फुटलेले बॉम्ब आहेत, ॲस्बेस्टॉस आहे, माणसांचे देह आहेत. घमेलं-फावडं घेऊन कुटुंबाने तो उपसावा असं कोणी म्हणणार नाही. वीजवाहिन्या, जलशुद्धीकरण, सांडपाणी ही सरकारने आणि मोठ्या कंपन्यांनीच करायची कामं, तिथे मी केंद्रीकरणाच्या बाजूने आहे. पण तिथेही शेवटच्या घराचा विचार आधी करावा लागतो. इराकमधल्या फलुजात २००४ मध्ये सुरू झालेल्या सांडपाणी प्रकल्पाचा खर्च तिपटीवर गेला, मोठ्या वाहिन्या पडल्या, आणि मग लक्षात आलं की घरांना जोडण्या द्यायला पैसेच धरलेले नाहीत. अमेरिकेच्या इराकमधल्या पुनर्बांधणीचा एकूण आकडा ६० अब्ज डॉलर. त्यातले किमान आठ अब्ज वाया गेले असा अंदाज त्यांच्याच महानिरीक्षकाने २०१३ मध्ये दिला. रस्ते रुंद करायचे तर जमीन लागणार, हेही मान्य. त्यावरचा तोडगा जपानने हिरोशिमात वापरला आणि भुजने जुन्या शहरात: प्रत्येकाने थोडी जमीन सोडायची, उरलेला तुकडा जवळपासच परत मिळायचा. नाशिककरांना हे टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, म्हणून माहीत आहे. मखमलाबादच्या शेतकऱ्यांनी स्मार्ट सिटीच्या योजनेवर जे प्रश्न विचारले, की किती जाणार, किती परत मिळणार आणि कुठे, ते आडमुठेपणाचे म्हणून उडवून लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पुनर्बांधणीतला प्रत्येक समजूतदार माणूस हेच प्रश्न विचारतो.

पैशाबद्दल थोडकंच सांगतो, कारण सगळे त्यावरच बोलतात. मार्शल योजनेचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीचा, दाखला उठसूट दिला जातो. त्या योजनेतून ब्रिटनला पश्चिम जर्मनीच्या दुपटीहून अधिक रक्कम मिळाली, तरी जर्मनीची झेप मोठी ठरली. याची कारणं अनेक, पण एक क्वचितच सांगितलं जातं. १९५२ च्या कायद्याने जर्मनांनी ठरवलं की ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांनी तिच्या निम्म्या किमतीइतका कर तीस वर्षांत हप्त्याने भरायचा, आणि तो ज्यांचं सर्वस्व गेलं त्यांना द्यायचा. ज्याचं घर वाचलं त्याने शेजाऱ्याचं ओझं उचलायचं, हे कायद्यात लिहिणारा देश बाहेरच्या मदतीकडे डोळे लावून बसत नाही.

माझ्या भूमिकेची खरी कसोटी भाडेकरू आणि फ्लॅटधारक यांच्यापाशी लागते. नऊमजली इमारत एक कुटुंब बांधू शकत नाही, आणि भाडेकरूकडे मालकीचा कागद कधीच नव्हता. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या पोलंडच्या वॉर्साने १९४५ मध्ये सगळी जमीन महापालिकेकडे घेऊन हा गुंता एका फटक्यात सोडवला असं वाटलं. जुनं शहर अप्रतिम उभं राहिलं, पण १९८९ नंतर जुन्या मालकांचे दावे, ते दावे विकत घेणारे दलाल आणि बेघर होणारे भाडेकरू असा सिलसिला सुरू झाला. म्हणजे हक्क नोंदवायचं टाळलं तर तो प्रश्न पन्नास वर्षांनी व्याजासह परत येतो. बोस्नियात युद्ध संपवणाऱ्या डेटन कराराने घर परत मिळण्याचा हक्क लिहूनच दिला आणि दोन लाखांवर दावे निकाली निघाले, त्यात सरकारी फ्लॅटमधले रहिवासीही होते. अनेकांनी परत मिळालेलं घर विकलं आणि दुसरीकडे संसार थाटला. विकण्याचा निर्णयही त्यांचाच होता, त्यात काय बिघडलं? फ्लॅटधारकांच्या संस्था करून, त्यांच्या मताने आराखडा ठरवून, काम कंपनीकडे देता येतं. भाडेकरूची खोली पाडण्याआधी मोजून दाखला देता येतो. जुन्या नाशकात हे प्रत्येक वाड्याबाबत काटेकोरपणे झालं तर पावसाळ्यातल्या निम्म्या दुर्घटना टळतील असं मला वाटतं.

आणि एक नोंद कायम सुटते ती बाईची. श्रीलंकेच्या उत्तरेत जमीन नवऱ्याच्या नावावर, नवरा बेपत्ता, मृत्यूचा दाखला नाही. तो मागणं म्हणजे त्याचा शोध सोडणं, म्हणून कित्येकींनी तो मागितलाच नाही. २०१६ मध्ये तिथे ‘बेपत्ता असल्याचा दाखला’ कायद्यात आला, युद्ध संपून सात वर्षं झाल्यावर. युक्रेन, सीरिया, गाझा या तिन्ही ठिकाणी अशा बायकांची संख्या मोठी असणार. भारतीय कंपन्या तिथल्या निविदा भरतील, भारत सरकार मदत जाहीर करील, कदाचित नाशिकचे इंजिनिअरही कामाला जातील. जावंच. पण आपल्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक घरकुल योजनेला भारताने दोन अटी घालाव्यात: मलबा उचलण्याआधी त्या जागेची मोजणी आणि शेजाऱ्यांसमोर नोंद, आणि त्या नोंदीत बाईचं नाव.